चर्चचे दार, साथीचा आदेश आणि कोंदट हवा

नांदेड जिल्ह्यात २०२१ साली २५ मार्च ते ४ एप्रिल अशी कडक टाळेबंदी होती. करोनाची दुसरी लाट मराठवाड्यात ऐन भरात आली होती, बीडमध्येही तसाच आदेश निघाला होता. या तारखा ख्रिस्ती दिनदर्शिकेशेजारी ठेवल्या की एक गोष्ट लगेच दिसते. २८ मार्चला झावळ्यांचा रविवार, १ एप्रिलला पवित्र गुरुवार, २ एप्रिलला उत्तम शुक्रवार आणि ४ एप्रिलला ईस्टर. ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा अख्खाच्या अख्खा टाळेबंदीत सापडला होता. आदल्या वर्षीचा ईस्टरही, १२ एप्रिल २०२०चा, देशव्यापी टाळेबंदीतच गेला होता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी नांदेडच्या मंडळीने झावळ्यांची मिरवणूक काढली नाही, शुक्रवारी दुपारी बारा ते तीन बसून वधस्तंभावरचे सात उद्गार एकत्र ऐकले नाहीत आणि ईस्टरच्या पहाटे प्रभातफेरीही निघाली नाही.

त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या भागात वेगळेच घडले. २९ मार्चला होला मोहल्ला होता. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाराच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती, कार्यक्रम आवारातच होईल असे ठरले होते. तरीही जमावातला एक गट फाटकाबाहेर आला, अडथळे तोडले गेले, तलवारी उपसल्या गेल्या आणि चार पोलीस जखमी झाले. ती दृश्ये दिवसभर देशभरच्या वाहिन्यांवर फिरत राहिली. चर्चच्या बंद दाराकडे कोणी कॅमेरा नेला नाही. तिथे दाखवण्यासारखे काही नव्हतेच.

यावरून नियम पाळणारा धर्म आणि नियम मोडणारा धर्म अशी वाटणी करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. याच गुरुद्वारात २०२० च्या मार्चपासून चार हजारांच्या आसपास भाविक अडकून पडले होते, बहुतेक पंजाबचे. रेल्वे बंद, रस्ते बंद. महिनाभर त्यांनी निमूटपणे वाट पाहिली. एप्रिलच्या अखेरीस बसने घरी पोहोचल्यावर त्यांच्यातल्या हजाराहून अधिक जणांना लागण झाल्याचे निघाले आणि मग संसर्ग नांदेडचा, वाटेतला की पंजाबातला, यावर दोन राज्यांच्या मंत्र्यांत जुंपली. मधल्यामध्ये ‘नांदेडहून आलेले’ ही ओळखच काही दिवस शिवीसारखी वापरली गेली. तबलिगी जमातीच्या बाबतीत याहून वाईट घडले. त्या प्रकरणातल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निरीक्षण नोंदवले. नांदेड आणि लातूर हे जिल्हे याच खंडपीठाच्या हद्दीत येतात.

आणि नियम वाकवण्यात ख्रिस्ती माणसेही मागे नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे नांदेडची टाळेबंदी संपून दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, चर्च ऑफ साऊथ इंडियाच्या दक्षिण केरळ धर्मप्रांताने मुन्नारला पाळकांचे शिबिर भरवले. चारशेहून अधिक पाळक जमले. त्यांतल्या शंभराहून जास्त जणांना लागण झाली, काहींचा मृत्यू झाला, आयोजकांवर गुन्हा नोंदवला गेला. लोकांना काळजी घ्यायला सांगणारी माणसेच तिथे बंद सभागृहात एकत्र बसली होती.

विषाणूला धर्म नसतो हे वाक्य तेव्हा प्रत्येक भाषणात होते. पण आदेश काढताना त्याचा अर्थ सरकारने एवढाच घेतला की सगळ्या धर्मस्थळांना एकच कुलूप लावायचे. खरा प्रश्न माणसे किती वेळ, कशा हवेत आणि किती मोठ्याने बोलत-गात बसतात हा होता, आणि तो आदेशात जवळजवळ कुठेच नव्हता. चर्चचे उदाहरण इथे विशेष उपयोगी पडते. चर्चची उपासना म्हणजे दर्शन घेऊन पुढे सरकणारी रांग नसते. दीड-दोन तास, ठरलेल्या जागी, ठरलेली माणसे, एकत्र आणि मोठ्याने गातात.

मराठी मंडळीत तर गाणे हा उपासनेचा कणाच आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, नारायण वामन टिळकांनी मंडळीच्या हाती भजने दिली, आणि आजही ‘उपासना संगीत’ हे पुस्तक बायबलच्या बरोबरीने पिशवीत असते. मराठवाड्यातले लहान चर्च डोळ्यांसमोर आणावे. पत्र्याचे किंवा स्लॅबचे एकच दालन, एका बाजूला सतरंजीवर बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे पेटी, ढोलकी, टाळ. उन्हाळ्यात झळा नकोत म्हणून, हिवाळ्यात थंडी नको म्हणून खिडक्या ओढून घेतलेल्या. भजनाचे धृपद दहा वेळा फिरते आणि दर वेळी आवाज चढतो. भक्तीचा हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि साथीच्या दिवसांत सगळ्यात घातकही.

यातला धोका जगाला कळला तोही एका चर्चच्या दालनात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली कोरल नावाचा गायकवृंद आहे. १० मार्च २०२० रोजी त्यांचा सराव एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये झाला. ६१ जण अडीच तास गायले. दारात हात निर्जंतुक करण्याची सोय होती, कोणी गळाभेट घेतली नव्हती. पुढच्या काही दिवसांत त्यांतले ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. अमेरिकी आरोग्य यंत्रणेने मे महिन्यात त्याचा तपशीलवार अहवाल छापला. हात धुतलेले असूनही सगळा घोळ हवेतून झाला होता.

केंद्र सरकारने ४ जून २०२० ला धर्मस्थळांसाठी जी कार्यपद्धती काढली तिच्यात गायकवृंद टाळा, शक्यतो ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावा, अशी सूचना होती. अख्ख्या कागदावरची ही सगळ्यात शहाणी ओळ. पण ती चपला कुठे ठेवायच्या, मूर्तीला हात लावू नका, बसायला सतरंजी घरून आणा, प्रसाद वाटू नका, तीर्थ शिंपडू नका, अशा सूचनांच्या गर्दीत कुठेतरी बसली होती. बहुतेकांनी कागदाचा अर्थ सॅनिटायझर आणि सहा फूट एवढाच घेतला. खिडक्या उघडा, उपासना अर्ध्या तासात आटोपा, गाणे आत नको, जमलेच तर अंगणात बसा, एवढी चार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून चर्च, मशीद, विहार, मंदिर सगळीकडे चिकटवली असती तर अधिक उपयोग झाला असता.

महाराष्ट्रात तर ती कार्यपद्धती लागू व्हायलाच नोव्हेंबर उजाडला. मार्च २०२० पासून बंद असलेली धर्मस्थळे राज्यात १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. हॉटेले आणि बार त्याआधीच, ५ ऑक्टोबरला सुरू झाले होते. मधल्या काळात ‘मंदिरे उघडा’ म्हणून आंदोलने झाली, ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकरांनी पंढरपुरात हजारोंचा जमाव नेला, राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना धर्मनिरपेक्षतेवरून टोमणा मारणारे पत्र लिहिले. या गदारोळात चर्चचा आवाज फारसा ऐकू आला नाही. त्यात नवल नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई, पुण्याकडे. ३३ लाखांच्या नांदेड जिल्ह्यात आणि २४ लाखांच्या लातूर जिल्ह्यात ही संख्या निवडणुकीच्या गणितात धरण्याइतकी नाही. मतांनी न मोजल्या जाणाऱ्या समाजासाठी आदेश कोणी वेगळा लिहीत नाही; मोठ्यांसाठी लिहिलेला आदेश त्याला आपोआप लागतो.

याचा गमतीदार नमुना २०२० च्या नाताळात दिसला. राज्यात महापालिका हद्दींत २२ डिसेंबरपासून रात्री अकरानंतर संचारबंदी लागली. लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिका असल्याने तिथेही ती आली. मग सूचना निघाली: चर्चमध्ये ५० पेक्षा जास्त माणसे नकोत आणि वर्षअखेरची मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी सातला किंवा त्याआधी उरका. म्हणजे एरवी दोन वेगवेगळ्या वेळी येऊ शकली असती ती माणसे एकाच संध्याकाळी दारात. ५० हा आकडाही कुठून आला कोण जाणे. उंच छताच्या, बारा खिडक्यांच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये ५० माणसे विरळ वाटतात. वस्तीतल्या दहा बाय वीसच्या प्रार्थनाघरात ५० माणसे म्हणजे साथीला आवतण. २०२१च्या पवित्र सप्ताहासाठीच्या राज्याच्या सूचनांत मोठे चर्च आणि लहान चर्च असा फरक तरी केला गेला, लहान जागेसाठी १० ते २५ ची मर्यादा आली. सुचले ते बरे झाले, पण नांदेडला तोवर टाळेबंदी होती, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नव्हता. आणि ४ एप्रिलला, नेमक्या ईस्टरच्या रविवारी, राज्य मंत्रिमंडळाने नवे निर्बंध जाहीर केले. ५ तारखेपासून धर्मस्थळे पुन्हा बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. पहिल्यांदा दिवाळी पाडवा, दुसऱ्यांदा घटस्थापना. रविवार कोणाच्या हिशेबात नव्हता.

उपासना चर्चच्या भिंतींबाहेर नेण्याची कल्पना खुद्द चर्चला काही नवी नाही. इटलीतल्या मिलानमध्ये १५७६ साली प्लेग आला तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना घराच्या खिडकीतून मिस्सात भाग घेता यावा. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उतरला आणि पुढच्या काही वर्षांत वांद्रे, माझगाव, गिरगावातली खोताची वाडी अशा ठिकाणी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. संध्याकाळी आळीतली माणसे तिथेच, उघड्यावर, रोझरी म्हणत. त्यातले कित्येक क्रूस आजही जागेवर आहेत. अनेकांना ते कशासाठी उभारले हे माहीत नसते इतकेच. साथीत हवेशीर जागी, थोड्या माणसांनी, घराजवळ प्रार्थना करायची हे सूत्र प्लेगच्या जंतूंबद्दल फारसे काही न कळताही त्या पिढीने शोधले होते.

त्याच साथीने १८९७ चा साथरोग कायदा दिला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने वापरला तो हाच, सव्वाशे वर्षांचा म्हातारा कायदा. त्या वेळी पुण्यात प्लेगच्या तपासणीने लोकांचा छळ मांडला होता, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत पंडिता रमाबाईही होत्या. स्वतः ख्रिस्ती, राज्यकर्तेही ख्रिस्ती, तरी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते हे त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जाहीर केले. साथीचे नियम पाळायचे आणि नियम चुकीचे राबवले जात असतील तर तोंडही उघडायचे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. करोनाच्या काळात मराठी चर्चने पहिली मनापासून केली. दुसरी करायला ते बिचकले.

हे बिचकणे समजण्यासारखे आहे. लहान समाजाला लक्ष वेधून घ्यायचे नसते. पण त्यामुळे आदेश लिहिणाऱ्याला चर्चमध्ये आत काय चालते हे कळतच नाही. प्रभुभोजनाचेच घ्या. ‘प्रसाद वाटू नका’ हा नियम त्याला लागतो का? कॅथलिक मिस्सात फादर पवित्र भाकर हातावर किंवा जिभेवर देतात. प्रोटेस्टंट मंडळीत कुठे एकच प्याला सगळीकडे फिरतो, तर कुठे बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांचा ट्रे येतो आणि प्रत्येक जण आपला पेला उचलतो. एकच प्याला आणि वेगळे पेले यांत संसर्गाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिभेवर आणि हातावर यांतही आहे. कॅथलिक चर्चने तर मार्च २०२० मध्येच भाकर हातावर घ्या, पवित्र पाण्याची भांडी रिकामी करा, असे सांगितले होते. शांतीची खूण म्हणून हातात हात न देता नमस्कार करायचा, ही मुभा भारतातल्या कॅथलिकांना १९६९ पासूनच आहे. २०२० च्या पवित्र सप्ताहासाठी व्हॅटिकनने पाय धुण्याचा विधी गाळला आणि क्रुसाचे चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूपुरते ठेवले. हे सगळे बारकावे चर्चने आपले आपण सोडवले. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कोणाला विचारावे लागले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

पडद्यावरच्या उपासनेचा गाजावाजा पुष्कळ झाला. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिलेले जगाने पाहिले. मुंबई-वसईच्या चर्चनी यूट्यूबवर मिस्सा दाखवला. शहरातल्या, घरात वायफाय असलेल्या माणसाला त्याचा आधार वाटला हे खरे. पण किनवट-माहूरच्या डोंगरात व्हिडिओ दर मिनिटाला थांबतो, आणि मुखेड-कंधारकडच्या उसतोड कुटुंबाचा एकुलता एक स्मार्टफोन दिवसा पोराच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. म्हाताऱ्या माणसाला पडद्यावर दिसणारे पाळकसाहेब ओळखीचे वाटतात, पण ते त्याला नावाने हाक मारत नाहीत.

या मंडळ्यांजवळ एक जुनी वस्तू होती आणि तीच कामाला आली: घरची प्रार्थना. मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सभा असते. ओसरीवर नाहीतर अंगणात सतरंजी, आठ-दहा माणसे, एक भजन, शास्त्राचा एक उतारा, घरातल्या दुखण्याखुपण्यांची नावे घेऊन प्रार्थना, शेवटी चहा. चर्चची इमारत नंतर आली, ही बैठक आधीची. निजामाच्या मुलखात जालन्याला एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती मिशनचे काम उभे केले, जवळच बेथेल नावाचे गाव वसवले. खेड्यापाड्यांतून नवी मंडळी जमली ती प्रथम असल्याच अंगणांत. पूर्ण टाळेबंदीत ही बैठकही बंद पडली, तेव्हा तिची जागा साध्या फोनने घेतली. बटणांच्या फोनवरही पाच-सहा जणांना एका वेळी जोडता येते, त्याला ना डेटा लागतो ना अॅप. निर्बंध सैल झाल्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी धोक्यात सुरू होण्याजोगी गोष्ट होती ती हीच: अंगण, आठ-दहा माणसे, अर्धा तास. पण सरकारी कागदावर तिला नाव नव्हते. ‘धर्मस्थळ’ बंद आणि ‘धार्मिक कार्यक्रम’ही बंद. त्यामुळे अंगणातली आठ माणसे आणि बंद दालनातली तीनशे माणसे कायद्याच्या दृष्टीने सारखीच गुन्हेगार ठरली.

मंडळीकडे दुसरीही एक गोष्ट असते जिचा साथीत उपयोग करून घ्यायला हवा होता. सभासदांचे रजिस्टर. कोणत्या घरात किती माणसे, कोण एकटे राहते, कोणाला साखर आहे, कोणाचे नातू पुण्याला, हे पाळकांना किंवा मंडळीतल्या वडिलांना तोंडपाठ असते. आशाताई दारोदार फिरून जी माहिती गोळा करत होत्या, तिचा एक तुकडा इथे तयार होता. असे तुकडे मशिदींच्या जमातीकडे, बुद्धविहारांकडे, भजनी मंडळांकडेही होते. धर्मस्थळांना कुलूप घालून प्रशासनाने स्वतःच्या हातातला हा धागाही सोडून दिला.

दफनाच्या प्रश्नावर तर गोंधळ अधिक होता. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने करोनाने दगावलेल्या सर्वांच्या मृतदेहांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि लगेच ते बदलले. वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी जवळच्या दफनभूमीविरुद्ध याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे रोजी ती फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हा हक्क आहे, हे त्या निकालाचे सार. तोवर मुंबईच्या कॅथलिक आर्चडायोसिसने आपल्या लोकांना दहनाचाही पर्याय खुला केला होता. वीस माणसांची मर्यादा असलेली अंत्ययात्रा ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे: उपासना बंद झाल्याचे दुःख सोसता येते, पण शेवटचे गीत म्हणायला चार माणसे नसणे घरच्यांच्या मनातून जात नाही. मोकळ्या हवेतल्या दफनभूमीत अंतर ठेवून उभ्या असलेल्या चाळीस माणसांपासून किती धोका होता, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

चर्चच्या घरातही साफसफाईची गरज आहे, आणि ती आधी सांगायला हवी होती. तेल लावून, डोक्यावर हात ठेवून रोग पळवण्याच्या सभा भरवणारे काही स्वतंत्र प्रचारक आहेत. त्यांच्या मंडपात खोकणारी माणसे मुद्दाम पुढे बोलावली जातात. साथीत हा प्रकार नुसता भाबडा राहत नाही, जीवघेणा होतो. मोठ्या चर्चनी याबद्दल उघडपणे बोलायचे टाळले, कारण घरातले भांडण बाहेर जाईल ही भीती. पैशाचेही असेच. खेड्यातल्या पाळकाचे घर रविवारच्या अर्पणावर, सुगीच्या धान्यावर चालते. रविवार बंद म्हणजे त्याची चूलही बंद. १९७७ साली स्थापन झालेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत नांदेड-लातूरसह मराठवाडा सांभाळतो, प्रोटेस्टंटांचेही आपापले प्रांत आहेत. पण एकट्या, स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना पाठीशी कोणी नाही. उपाशी पाळक नियमात बसत नसतानाही सभा घेईल, त्याला दोष देऊन काय होणार?

एक आक्षेप रास्त आहे. रुग्ण रोज दुप्पट होत असताना जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक धर्मस्थळाच्या खिडक्या मोजत बसायचे का? एकच सरसकट आदेश काढायला, समजायला आणि राबवायला सोपा. पहिल्या महिन्यात हे मान्यच करावे लागते. २०२० च्या एप्रिलमध्ये कोणालाच काही नीट माहीत नव्हते. पण तेव्हापासून दीड वर्ष हाच आदेश फिरून फिरून निघत राहिला. त्याच वर्षी जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या म्हणून जाहीर पत्र लिहिले होते. माहिती वाढत गेली, पण आदेशाची भाषा जुनीच राहिली. लातूरकरांना तर या खाक्याची सवय आहे. २०१६ च्या दुष्काळात शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्यात आली होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती एप्रिलमध्ये. जमावबंदी त्याआधीच मार्चमध्ये आली होती.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण आदेशाचा मसुदा आताच शांतपणे लिहिता येतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे आणि त्याचा आराखडाही असतो. नांदेडच्या आराखड्यात गोदावरीच्या पुराला आणि लातूरच्या आराखड्यात किल्लारीनंतर भूकंपाला जागा मिळाली, तशी एकत्र जमण्याच्या पद्धतींनाही मिळावी: उघड्यावरची लहान बैठक, हवेशीर दालनातली लहान उपासना, बंद दालनातले समूहगान, मुक्कामी शिबिर. प्रत्येकाचा धोका वेगळा, म्हणून नियम वेगळा. मुक्कामी शिबिर पहिल्या दिवशी बंद व्हावे आणि अंगणातली आठ माणसे सगळ्यात शेवटी. हा तक्ता चर्चला लागेल तसाच सप्ताहाला, इज्तेमाला, धम्म परिषदेला आणि राजकीय मेळाव्यालाही लागेल. मेळाव्याचे नाव यादीत पाहून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक प्रचारसभांसह पार पडली तेव्हा जवळच्या तुळजापूरचे देऊळ बंद होते, हे मराठवाडा विसरलेला नाही.

मसुदा करताना चर्चच्या प्रतिनिधीला बोलावणे येण्याची वाट पाहत बसू नये. उस्मानाबादेत जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, मराठवाड्याने त्यांना डोक्यावर घेतले होते. टाळेबंदी त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी आली. ज्या प्रदेशाने एका धर्मगुरूला एवढ्या मोठ्या मांडवात ऐकून घेतले, तिथल्या पाळकांना कलेक्टर कचेरीत जाऊन ‘आमच्याकडे किती खिडक्या आहेत, आम्ही किती वेळ गातो, गाणे कुठे थांबवू शकतो’ हे सांगायला अडचण पडू नये. सोबत शेजारच्या मशिदीचे इमाम आणि विहाराचे भंतेजी असतील तर कचेरीतल्या साहेबांनाही एकाच बैठकीत काम उरकता येईल.